लंडनच्या भिंतीपासून आंबोलीच्या रानापर्यंत

बिआट्रिसच्या गळ्यात निसर्गाने दिलेलं स्वरयंत्र नाही. बापाने आपल्या प्रयोगांच्या नादात पोटच्या पोरीचा गळा चिरून तिथे धातूचं यंत्र बसवलं. गळ्याशी बोटं नेऊन ती ते जुळवते आणि तिच्या तोंडून भलत्याच माणसाचा आवाज येतो. ही एरवी भित्री, चटकन रडू येणारी शाळकरी पोर. पण अंधारात तिने वरिष्ठ अधिकाऱ्याच्या आवाजात हुकूम सोडला की ऐकणारा निमूट मानतो. ‘प्रिन्सेस प्रिन्सिपल’ या जपानी अ‍ॅनिमे मालिकेतल्या पाच हेर मुलींपैकी ही एक. बाकीच्या चौघींकडे तलवार आहे, मोटार आहे, हवेत तरंगण्याची युक्ती आहे, राजघराण्याचं नाव आहे. बिआट्रिसकडे फक्त आवाज आहे, आणि मला या मालिकेत सगळ्यात जवळची तीच वाटते. त्याचं कारण आपल्या जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात आहे. तिकडे जायच्या आधी ही मालिका थोडी नीट सांगायला हवी, कारण दिवाळी अंकाच्या अनेक वाचकांच्या घरात ती नातवंडांच्या मोबाइलवर चालू असेल आणि आजी-आजोबांना ती ‘कार्टून’ वाटत असेल.

‘प्रिन्सेस प्रिन्सिपल’ जपानमध्ये २०१७च्या जुलै ते सप्टेंबरमध्ये दाखवली गेली. एकूण बारा भाग. दिग्दर्शन मासाकी ताचिबाना यांचं, लेखनाची मुख्य जबाबदारी इचिरो ओकोउची यांची आणि संगीत युकी काजिउरा यांचं. पुढे २०२१पासून ‘क्राउन हँडलर’ या नावाने तिचे चित्रपट येऊ लागले. गोष्ट विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या लंडनमध्ये घडते, पण हे लंडन आपल्या इतिहासातलं नाही. इथे ‘कॅव्होराइट’ नावाचा पदार्थ सापडला आहे. तो वापरला की गुरुत्वाकर्षण चालेनासं होतं. त्याच्या जोरावर अ‍ॅल्बियनच्या राज्याने हवेत तरंगणारी युद्धनौकांची फळी उभारली आणि जगावर सत्ता गाजवली. मग देशात क्रांती झाली, देशाचे दोन तुकडे पडले आणि लंडन शहराच्या मधोमध भिंत उभी राहिली. एका बाजूला राज्य, दुसऱ्या बाजूला प्रजासत्ताक. बर्लिनची भिंत ज्यांनी बातम्यांत पाहिली आहे त्यांना हे चित्र लगेच ओळखू येईल.

कॅव्होराइट ही कल्पना जपानी लेखकांची नव्हे. एच. जी. वेल्सने १९०१ साली प्रसिद्ध झालेल्या चंद्रावरच्या सफरीच्या कादंबरीत ती मांडली होती आणि तिथल्या शास्त्रज्ञाच्या, कॅव्होरच्या, नावावरून त्या पदार्थाला नाव मिळालं. वेल्सला चंद्रावर माणसं पाठवायची होती. जपानी लेखकांनी त्याच पदार्थाचं साम्राज्य केलं आणि मग विचारलं की अशा साम्राज्याच्या सावलीत सोळा-सतरा वर्षांची मुलगी कशी जगेल? हा प्रश्न मला मोलाचा वाटतो. विज्ञानकथेतली नवी वस्तू कितीही चमकदार असली, तरी ती हातात आल्यावर माणसाचं काय होतं ते सांगितल्याशिवाय कथा उभी राहत नाही.

या पाच मुली एका उच्चभ्रू शाळेत विद्यार्थिनी म्हणून राहतात आणि प्रत्यक्षात भिंतीपलीकडच्या प्रजासत्ताकासाठी हेरगिरी करतात. त्यांच्यातली अँज सतत खोटं बोलते. कोणी कुठून आलीस म्हणून विचारलं तर आपण काळ्या सरड्याच्या ग्रहावरून आलो, असं गंभीर चेहऱ्याने सांगते. हळूहळू कळतं की ज्या गोष्टी तिला खऱ्या बोलता येत नाहीत त्या लपवायला हे एवढं मोठं खोटं तिने समोर धरलं आहे. डोरोथी गाडी चालवते आणि तिच्या घरची दैना एका भागात अशी उलगडते की ते पाहून झाल्यावर पुढचा भाग लगेच लावावासा वाटत नाही. चिसे जपानमधून आलेली तलवारबाज. पाचवी राजकन्या. भाग काळाच्या क्रमाने लावलेले नाहीत, पुढचं आधी आणि आधीचं नंतर येतं. त्यामुळे पाहणाऱ्यालाच तुकडे जुळवत बसावं लागतं, म्हणजे थोडं हेराचंच काम करावं लागतं.

एका भागात या मुली कपडे धुण्याच्या कारखान्यात कामगार म्हणून शिरतात. संशयित शोधायचा, तर धुण्याच्या ढिगाऱ्यांतून शोधायचा. शोध चालू असताना त्या कारखान्याची कर्जं, यंत्रांची मोडतोड, कामगार बायकांचे हाल हे सगळं त्यांच्या अंगावर येतं आणि त्या कारखानाच सुधारायला घेतात. गोळीबार आणि उड्या विसरल्या जातात, हा भाग लक्षात राहतो. धुणं धुणाऱ्या बाईकडे कोणी वर मान करून पाहत नाही, आणि हेराला तेवढंच पाहिजे असतं.

याच जातकुळीतली दुसरी मालिका २०२२ची ‘लायकोरिस रिकॉइल’. दिग्दर्शक शिंगो अदाची. टोकियोतल्या एका छोट्या कॅफेत काम करणाऱ्या दोन मुली प्रत्यक्षात एका गुप्त संघटनेच्या सैनिक आहेत. या संघटनेतल्या मुली अनाथ, लहानपणापासून वाढवून तयार केलेल्या. शहर शांत आहे असं लोकांना वाटावं म्हणून त्या गुन्हेगारांना गुपचूप संपवतात. नायिका चिसातो मात्र माणूस मारायचा नाही म्हणून जीव न घेणाऱ्या गोळ्या वापरते. तिच्या छातीत कृत्रिम हृदय आहे. एका मालिकेत यंत्राचा गळा, दुसरीत यंत्राचं हृदय. दोन्हीकडे मुलीच्या शरीरावर दुसऱ्यांनी हक्क सांगितला आहे आणि दोन्हीकडे ती मुलगी त्याच अवयवाच्या जोरावर स्वतःचा निर्णय घेते. या मालिकांत खोट नाही असं मी म्हणणार नाही. झालरीचे फ्रॉक आणि गोड चेहरे बाहुल्या-पोस्टर विकण्यासाठीही काढलेले असतात, आणि बंदुकीची गोळी लागल्यावर माणसाचं काय होतं याचा हिशेब बऱ्याचदा चुकवलेला असतो. तरीही या मालिका मुलींना शोभेची बाहुली मानत नाहीत, आणि म्हणून मुली त्या पाहतात.

रत्नागिरीतही पाहतात. मारुती मंदिराच्या परिसरात क्लास सुटल्यावर घोळक्याने उभ्या राहिलेल्या अकरावी-बारावीच्या मुलींशी बोललं की ‘स्पाय एक्स फॅमिली’तल्या आन्यापासून पुढे नावांची रांग लागते. कोणी हिंदी डबिंगमध्ये पाहिलेलं, कोणी जपानी आवाज ठेवून खाली इंग्रजी वाचत. एकीच्या वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने काढलेली हेर मुलगी होती. डोक्यावर टोपी, हातात पिस्तूल आणि पाठीमागे भगवती बंदराचा दीपस्तंभ. लंडनच्या धुक्यातली पोर तिने आपल्या खाडीवर आणून उभी केली होती. असं कोणी इथे खरंच होऊन गेलं का, असं तिने विचारलं. त्या मुलीला रस्त्यावर उभ्या उभ्या जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. बाकीचं सविस्तर उत्तर म्हणून हा लेख.

पाळत या गावाला नवी नाही. ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८६ साली इथे आणला गेला आणि १९१६मध्ये मरेपर्यंत इंग्रजांच्या नजरेखाली राहिला. १९२४ ते १९३७ सावरकर इथे स्थानबद्ध होते. पण त्या गोष्टीत हेर सरकारचा होता. त्या मुलीला पाहिजे होती ती उलटी गोष्ट, सरकारच्या डोळ्यांत धूळ फेकणाऱ्या बाईची. ती सापडते जिल्ह्याच्या तेव्हाच्या दक्षिण टोकाला.

आजच्या वाचकाला आठवण करून द्यायला हवी की १ मे १९८१पर्यंत सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता. सावंतवाडी, वेंगुर्ला, कुडाळ, मालवण, सगळं रत्नागिरी जिल्ह्यात. म्हणजे १९५५ साली रत्नागिरी जिल्ह्याची दक्षिण हद्द ही भारत आणि पोर्तुगीज गोवा यांच्यामधली सीमा होती. सातार्डा, आरोंदा, बांदा या गावांच्या पलीकडे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची राजवट. तिथे विटांची भिंत नव्हती, तेरेखोलचं पाणी आणि पोलिसांची ठाणी होती. दोन्हीकडची माणसं एकमेकांची सोयरी, देवळं एकमेकांची, जत्रा एकमेकांच्या. १९५१मध्ये पोर्तुगालने घटना बदलून गोव्याला ‘सागरापारचा प्रांत’ ठरवलं आणि ही वसाहत नसून पोर्तुगालचाच तुकडा आहे, अशी भूमिका घेतली. १५ ऑगस्ट १९५५ला हजारो नि:शस्त्र सत्याग्रही सीमेवर गेले. पत्रादेवीला गोळीबार झाला, माणसं पडली. भारताने गोव्याची आर्थिक कोंडी केली आणि सीमा जवळजवळ बंद झाली. गोव्यात वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, सभाबंदी, बोललं तर तुरुंग. पणजीहून ‘एमिसोरा द गोवा’ हे रेडिओ केंद्र सरकारची बाजू ऐकवत होतं. पलीकडचा आवाज आत पोहोचवायला वाट उरली होती ती हवेतली.

२५ नोव्हेंबर १९५५ला आंबोलीच्या रानातून ती वाट उघडली. पोर्तुगीजमध्ये नाव ‘वोझ द लिबरदाद’, कोंकणीत ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’. चालवणारे होते वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो. सुरुवातीला निकोलाव मेनेझिसही त्यांच्याबरोबर होते.

लिबिया लोबो यांचा जन्म २५ मे १९२४चा, गोव्यातला. वाढल्या, शिकल्या मुंबईत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत त्यांना मिळालेलं काम ऐकून अ‍ॅनिमेचा लेखकही खूश होईल. इटालियन युद्धकैद्यांची पत्रं वाचून त्यांची तपासणी करायची, त्यांत काही दडवलं आहे का ते पाहायचं. म्हणजे विशी गाठायच्या सुमारास या मुलीला परक्या भाषेतली साधी वाक्यं संशयाने वाचायची सवय लागली होती. पुढे त्यांनी आकाशवाणीत नोकरी केली. त्याच सुमारास मुंबईतल्या गोवेकर राष्ट्रवादी तरुणांत त्यांची ऊठबस सुरू झाली. पत्र कसं तपासतात हे त्यांना ठाऊक, रेडिओ केंद्र कसं चालतं हेही ठाऊक, आणि पोर्तुगीज व कोंकणी दोन्ही भाषा हाताशी. ज्या कामाला ही तीनही अंगं लागत होती, ते काम १९५५च्या नोव्हेंबरात त्यांच्यापुढे आलं. तेव्हा त्या एकतीस वर्षांच्या होत्या.

यंत्राची गोष्ट तर कादंबरीत शोभेल अशी आहे. १९५४च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली मुक्त झालं. त्या मोहिमेत सुधीर फडके होते हे मराठी माणसाला माहीत असतं. त्या लढ्यात पोर्तुगीजांचे बिनतारी संच स्वातंत्र्यसैनिकांच्या हाती लागले. त्यांतूनच जुळवाजुळव करून प्रक्षेपक तयार झाला आणि तो एका ट्रकवर बसवला. पोर्तुगीजांच्याच यंत्रातून पोर्तुगीजांना उत्तर. हा ट्रक आंबोलीच्या झाडीत उभा राहिला.

आंबोली कशी आहे ते ज्यांनी पावसाळ्यात पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. रत्नागिरीहून निघून लांजा, राजापूर, कणकवली, कुडाळ करत सावंतवाडी गाठायची, दाणोलीपासून घाट चढायला लागायचा. खाली दमट, घामट कोकण, आणि काही वळणांतच गार वारा. उंची सातशे मीटरच्या आसपास. महाराष्ट्रातल्या सर्वांत जास्त पावसाच्या ठिकाणांत हिचं नाव येतं. जून ते सप्टेंबर ढग रस्त्यावर उतरलेले असतात, समोरची मोटार दिवे लावूनही दिसत नाही. कपडे वाळत नाहीत, काडेपेटी पेटत नाही, कागद हातात लोळागोळा होतो. भर दुपारी रातकिडे ओरडतात. आता धबधब्याखाली गर्दी असते, कांदाभजी आणि भाजलेल्या कणसांचा वास असतो. सत्तर वर्षांपूर्वी इथे दाट रान होतं, गवे आणि बिबटे होते. अशा जागी ट्रकवरचं बिनतारी यंत्र कोरडं ठेवायचं, जनित्र चालू ठेवायचं, बातम्या मिळवायच्या, त्या पोर्तुगीजमध्ये लिहायच्या, कोंकणीत लिहायच्या आणि ठरल्या वेळी माइकसमोर बसायचं. एखादा दिवस चुकला की ऐकणाऱ्याला वाटणार, पकडले गेले. म्हणून चुकवायचा नाही.

आंबोली का? नकाशा उघडला की कळतं. घाटमाथा उंच, गोवा पायथ्याशी पसरलेला. झाडीत ट्रक दडतो. सीमा जवळ आहे पण घाट मध्ये आहे. शिवाय बेळगाव आणि सावंतवाडी या दोन्हीकडून रस्ता आहे, म्हणजे डिझेल, कागद, वर्तमानपत्रं आणता येतात. पुढे हे केंद्र कॅसलरॉकच्या जंगलात हललं. तेही तसंच ठिकाण, मुरगावकडे उतरणाऱ्या रेल्वेच्या वाटेवरचं, घनदाट.

गुप्त रेडिओ चालवणाऱ्याला सगळ्यात मोठं भय त्याच्याच लहरींचं असतं. बातमी पोहोचवणारी लहर शत्रूलाही ऐकू येते, आणि ती कुठून येते हे शोधायची रीत सोपी आहे. वेटोळ्याच्या आकाराचा एरियल फिरवत राहायचा. एका ठरावीक कोनात आवाज अगदी क्षीण होतो आणि त्यावरून दिशा कळते. नकाशावर त्या दिशेची रेघ ओढायची. दुसऱ्या ठिकाणाहून तसंच करून दुसरी रेघ ओढायची. दोन रेघा जिथे छेदतात तिथे रेडिओ. युरोपात नाझींनी हीच रीत वापरून दोस्तांचे बिनतारी हेर पकडले. पॅरिसमध्ये ‘मादलेन’ या नावाने काम करणारी नूर इनायत खान अशीच बिनतारी हेर होती. १९४३च्या जूनमध्ये ती फ्रान्समध्ये उतरली. लहरी पकडणाऱ्या गाड्या शहरात फिरत असताना जागा बदलत बदलत संदेश पाठवत राहिली. शेवटी तिला पकडून दिलं ते फितुरीने. १३ सप्टेंबर १९४४ला डाखावच्या छळछावणीत तिला गोळी घातली. ती तीस वर्षांची होती.

मुंबईतही तेच घडलं होतं. ‘भारत छोडो’नंतर २७ ऑगस्ट १९४२ला काँग्रेस रेडिओ सुरू झाला, ४२.३४ मीटरवर. निवेदन करणारी उषा मेहता बावीस वर्षांची. दर काही दिवसांनी जागा बदलायची, यंत्र उचलून दुसऱ्या इमारतीत न्यायचं. १२ नोव्हेंबर १९४२ला पोलीस आले. तिथेही फितुरी होती, आणि तीही त्यांच्या तंत्रज्ञाची. उषाबाईंनी पोलिसांपुढे तोंड उघडलं नाही, येरवड्याचा तुरुंग पत्करला. या रेडिओमागे राममनोहर लोहिया होते. तेच लोहिया १८ जून १९४६ला मडगावला सभा घेऊन गोव्याचं आंदोलन पेटवतात. मुंबईच्या गुप्त रेडिओपासून आंबोलीच्या गुप्त रेडिओपर्यंत असा माणसांचा धागा आहे. काँग्रेस रेडिओ तीन महिनेही टिकला नाही. आंबोली-कॅसलरॉकचा रेडिओ सहा वर्षं चालला.

सहा वर्षं म्हणजे किती, याचा विचार करा. पहिल्या काही महिन्यांचा उत्साह कोणालाही पुरतो. पाचव्या पावसाळ्यात तो आणायचा कुठून? गोव्यात काही हलत नव्हतं, दिल्ली वाट पाहत होती, जगात गोव्याच्या प्रश्नाला फार कोणी विचारत नव्हतं. या काळात हे दोघं रोज बोलत राहिले. पोर्तुगीज सरकारचा प्रचार खोडून काढायचा, तुरुंगातल्या सत्याग्रहींची बातमी द्यायची, भारताच्या संसदेत गोव्यावर काय बोललं गेलं ते सांगायचं, आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींत काय चाललं आहे ते ऐकवायचं. १९६१च्या सुरुवातीला अंगोलात उठाव झाला, आणि आपण एकटे नाही हे गोव्यातल्या ऐकणाऱ्यांना कळायला हा आवाज होता. दार लावून, आवाज बारीक करून ऐकणाऱ्या माणसाला या बाईचा चेहरा ठाऊक नव्हता. लिबिया लोबो नावाच्या मुलीला गोव्यात ओळखणारे असतील, पण आवाजाला ओळखणारे त्याहून किती तरी जास्त होते. बिआट्रिस मला जवळची वाटते ती इथे.

शेवटचे दिवस मात्र थेट पडद्यावर घ्यावेत असे आहेत. डिसेंबर १९६१मध्ये भारतीय सैन्य सीमेवर जमलं तेव्हा हे केंद्र बेळगावला आणलं गेलं. १८ डिसेंबरला भारतीय हवाई दलाने बांबोळीचं पोर्तुगीज बिनतारी केंद्र बॉम्बफेकीने बंद पाडलं. ज्या आवाजाविरुद्ध सहा वर्षं बोलत होते, तो गप्प झाला. १९ डिसेंबरला गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्वाने शरणागती पत्करली. त्या दिवशी लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई हवाई दलाच्या विमानात बसले, ध्वनिक्षेपक लावून गोव्यावर घिरट्या घातल्या आणि गोवा मुक्त झाल्याची बातमी आकाशातून पोर्तुगीज व कोंकणीत सांगितली. रानात दडलेला आवाज आता लोकांच्या डोक्यावरून उघड फिरत होता. पुढे दोघांनी लग्न केलं. त्यांच्या लग्नाची तारीखही १९ डिसेंबर, १९६४ची. लिबियाबाई गोव्याच्या पहिल्या पर्यटन संचालक झाल्या. २०२५ साली, वयाच्या शंभरीत, त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

सरकारच्या डोळ्यांत धूळ फेकायच्या या वाटेवरून लिबियाबाईंच्याही आधी एक मराठी मुलगी गेली होती. हौसाबाई पाटील, क्रांतिसिंह नाना पाटलांची लेक, जन्म १९२६चा. साताऱ्याच्या प्रतिसरकारात, तुफान सेनेबरोबर तिने कामं केली तेव्हा तिची विशीही उलटलेली नव्हती. पत्रकार पी. साईनाथ यांनी तिच्या म्हातारपणी तिच्याकडून त्या गोष्टी ऐकून लिहून ठेवल्या म्हणून आपल्याला त्या माहीत आहेत. भवानीनगरच्या पोलिसांसमोर तिने नवऱ्याच्या हातचा मार खाणाऱ्या बायकोचं सोंग केलं. नवरा झालेला साथी तिला मारतोय, ती किंचाळतेय, पोलीस भांडण सोडवायला पुढे आलेत, आणि तेवढ्यात बाकीचे साथी आतून बंदुका पळवतायत. सोंग खरं वाटावं म्हणून मार खराच खावा लागला. आपल्या गावगाड्यात नवऱ्याने बायकोला मारणं इतकं नेहमीचं होतं की त्यावर कोणाला संशय येणार नाही, हे या पोरांनी ओळखलं आणि तिने ते अंगावर घेतलं. धुण्याच्या कारखान्यात शिरणाऱ्या लंडनच्या मुलींची युक्ती हीच.

आणि मग गोवा. शस्त्रं आणणारा एक साथी गोव्यात पकडला गेला होता. त्याची बहीण म्हणून हौसाबाई तुरुंगात भेटायला गेली, सुटकेचा बेत लिहिलेला कागद अंबाड्यात खोचून. अंगाची झडती घेतील, पिशवी उलटी करतील, पण बाईचा अंबाडा कोण सोडायला लावणार? परतीला पोलिसांचा पहारा म्हणून रेल्वेची वाट बंद झाली. मग दिवसचे दिवस जंगल तुडवायचं. वाटेत मांडवी आडवी आली. मध्यरात्री लाकडी पेटीवर बसून तिने ती नदी पार केली, साथी बाजूने पोहत होते. पोहता येत नाही ही अडचण तिने इतक्या सरळपणे सोडवली. २०२१च्या सप्टेंबरात ती गेली.

सगळ्याच लपून लढल्या नाहीत. १९५५च्या एप्रिलात म्हापशाला गोवा नॅशनल काँग्रेसचं अधिवेशन भरलं तेव्हा अध्यक्ष होत्या सुधाताई जोशी, ‘भारतीय संस्कृतिकोशा’चे संपादक महादेवशास्त्री जोशी यांच्या पत्नी. पकडतील हे माहीत असून गेल्या आणि तुरुंगात गेल्या. त्या उघड लढल्या. त्यांच्याबद्दल स्वतंत्रच लिहायला हवं.

आता माझं म्हणणं. मराठीत विज्ञानकथा थोर आहे. नारळीकरांनी १९७४ साली नारायण विनायक जगताप या टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ पाठवली तिथपासून आपल्या मासिकांनी ती जोपासली. मराठीत साहसकथाही आहे. पण फास्टर फेणे मुलगा, गोट्या मुलगा, गुप्तहेर कथांतले झुंजार नायक पुरुष. हेरगिरी करणारी मुलगी मराठी किशोरवाचकाला आपल्या भाषेत सहज भेटत नाही, म्हणून आपली वाचक मुलगी तिला जपानी भाषेत भेटायला जाते. त्यात त्या मुलीची काही चूक नाही, जपान्यांची तर नाहीच. त्यांनी वेल्सचा पदार्थ घेतला, बर्लिनची भिंत घेतली आणि आपली गोष्ट केली. आपल्याकडे पदार्थ आणि भिंत दोन्ही उसनी आणायची गरज नाही. पोर्तुगीजांच्या बिनतारीतून बनवलेला प्रक्षेपक आहे, ढगात बुडालेला घाट आहे, अंबाड्यातला कागद आहे, पेटीवरून ओलांडलेली नदी आहे. अमुक एक वर्षी गोवा मुक्तच झाला नाही आणि आंबोलीचा ट्रक अजून चालू आहे, अशी कल्पना करून कोणी विज्ञानकथा लिहिली तर ती ‘प्रिन्सेस प्रिन्सिपल’पेक्षा कोणत्याही बाबतीत कमी पडणार नाही. उषा मेहतांवर २०२४मध्ये हिंदी चित्रपट झाला. लिबिया लोबोंची गोष्ट मराठीत, कोंकणीत, चित्रकथेत, अ‍ॅनिमेशनमध्ये यायला हवी. ती ज्या रानात घडली ते रान आपल्या जिल्ह्याचं होतं, तेव्हा पहिला हक्क आपला आणि पहिली जबाबदारीही आपली.

आणि त्याआधी एक साधं काम कोणालाही करता येईल. गोवा मुक्त झाला तेव्हा जी मुलं दहा वर्षांची होती, ती आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. बांदा, आरोंदा, शिरोडा, वेंगुर्ला, सावंतवाडी, आंबोली, दाणोली या गावांत अशी माणसं आहेत. त्यांच्या घरात रेडिओवर तो आवाज लागत होता का, रानात जाणाऱ्या ट्रकला कोणी डिझेल पोचवलं होतं का, सीमेवरून कागद कोणाच्या टोपलीत जात होते, हे त्यांना विचारता येईल. या दिवाळीत घरी जाल तेव्हा फराळानंतर आजी-आजोबांना तासभर बसवा, मोबाइलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा, माणसाचं नाव, गाव आणि वय त्याला जोडून ठेवा. हे काम अ‍ॅनिमे पाहणाऱ्या मुलींच्या हाती द्या. त्या ते आपल्यापेक्षा चांगलं करतील.